पंचशीला, आपलं अमेरिकेवरचं भांडण

पंचशीला, शोकसभेत सगळ्यांनी मिळून तुला शांत स्वभावाची ठरवून टाकलं. प्राचार्य म्हणाले, मॅडमनी कधी आवाज चढवला नाही. मी दुसऱ्या रांगेत होते, मान खाली घातली. अमेरिकेच्या निवडणुकीवरून तू माझ्यावर जो आवाज चढवायचीस तो स्टाफरूममधून थेट सायकल स्टँडपर्यंत जायचा, हे सांगायला त्या सभागृहात माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. आपल्या वेळचे काही गेले, काही लेकरांकडे पुण्याला जाऊन बसले.

त्याआधी घरी पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले होते. सुजातानं स्वतः वाढलं, रडली नाही, सगळे उठल्यावर माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, आई तिकडं असताना रोज तुमच्याशीच बोलायची. माझ्याशी कमी." परवा ती अमेरिकेला परत गेली. तुझ्या घराची किल्ली माझ्याकडं आहे. दोन गल्ल्या ओलांडून जायचं आणि कुंड्यांना पाणी घालून यायचं, एवढंच काम आता मला दिवसभरात आहे.

आपण दोघी राज्यशास्त्र शिकवायचो. मी भारताचं संविधान, तू अमेरिकेची शासनव्यवस्था. तू तेव्हा हैदराबादच्या पलीकडं गेली नव्हतीस, तरी अमेरिकेचं असं सांगायचीस की पोरांना वाटायचं मॅडमचं माहेर तिकडंच असणार. तुझा तो चहा आणि उसाच्या रसाचा तास मला अजून दिसतो. वर्गाचे तू तालुक्याप्रमाणे गट पाडलेस, प्रत्येक तालुका म्हणजे एक राज्य. प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक प्रतिनिधी, आणि ज्या गटात जो जिंकेल त्याला तिथले सगळे प्रतिनिधी. उमेदवार दोन, चहा आणि रस. चिठ्ठ्या मोजल्या तर वर्गात जास्त मतं रसाला, पण जास्त प्रतिनिधी चहाला. तू कँटीनमधून सगळ्यांना चहा मागवलास. तेव्हा चुडाव्याहून रेल्वेनं येणारी रेखा उभी राहिली. "मॅडम, मतं रसाला जास्त पडली. मग आमाला चहा कामून पाजायलाव?"

वर्ग हसला. तू हसली नाहीस. म्हणालीस, "कारण नियम आधी ठरला होता, आणि तो ठरवताना तू तिथं नव्हतीस."

त्या दिवसापासून रेखा तुझी झाली. तिला पुस्तकं तू दिलीस, घरचे शिक्षण थांबवायला निघाले तेव्हा तिच्या बापाला जाऊन तूच भेटलीस.

आपलं भांडण पैशावरून होतं. तू म्हणायचीस, पैशावाचून निवडणूक जगात कुठंच होत नाही, प्रश्न एवढाच की तो कुणाचा आहे हे मतदाराला कळतं का. अमेरिकेत उमेदवाराला देणगी देणाऱ्याचं नाव नोंदवावं लागतं, ते कुणीही उघडून वाचू शकतं, याचं तुला फार अप्रूप. मी म्हणायचे, वाचून काय करायचं? ज्यानं मंडप घातला त्याचं गाऱ्हाणं आधी ऐकलं जाणार, इथंही आणि तिथंही. "तू चोराकडं पावती मागायलीस," असं मी एकदा म्हटलं. तू लगेच म्हणालीस, "पावती असली की चोर सापडतो तरी." पक्षांचंही तसंच. आपल्याकडं तिकिटासाठी माणसं मुंबईला जाऊन बंगल्याबाहेर बसतात, आणि तिथं पक्षाचा उमेदवार कोण हे साधे मतदार आधी मतदान करून ठरवतात, हे तू सांगायचीस तेव्हा तुझे डोळे चमकायचे. मला तुझा हेवा वाटायचा. ज्या गोष्टीवर एवढा विश्वास ठेवता येईल अशी माझ्याकडं एकही नव्हती.

मग माझा भाऊ दत्ता जिल्हा परिषदेला उभा राहिला.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला ते क्रमानं लिहायचं आहे. दत्ताला पक्षाचं तिकीट मिळालं. त्याच गटात रेखा अपक्ष उभी राहिली. तेव्हा ती चुडाव्यात शिवणक्लास चालवत होती. क्लासच्या बाया सोबत घेऊन ती पायी फिरायची, लांबच्या गावाला नवऱ्याच्या मोपेडवर जायची. दत्ताला वाटलं होतं ही पाच-पन्नास मतं घेईल. पण सभांना बाया यायला लागल्या तसा तो घाबरला. एका दुपारी परभणीला माझ्याकडं आला आणि म्हणाला, एका स्थानिक दैनिकाशी बोलणं झालंय, ते रोज आपली बातमी छापणार, पैसे पोचलेत. फक्त बातमी आपण लिहून द्यायची.

"अक्का, तुझ्यासारखं कोण लिहितंय? आपल्या घरातली गोष्ट हाय."

मी लिहिल्या. एक नाही, मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत रोज. जाहिरात म्हणून नाही, बातमी म्हणून. गावोगावी उत्स्फूर्त प्रतिसाद, तरुणांची रीघ, माताभगिनींचा आशीर्वाद. ज्या गावात दत्ता गेलाच नव्हता तिथलीही सभा मी घरात बसून भरवली. आणि रेखाचं नाव एकाही बातमीत येऊ दिलं नाही. तसं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला आपसूक सुचलं. माणूस पाडायचा तर त्याला शिव्या देण्यापेक्षा तो नाहीच असं लिहावं, हे मी कुठं शिकले होते कोण जाणे.

दत्ता थोडक्या मतांनी निवडून आला.

दोन दिवसांनी तू आलीस. हातात ते वर्तमानपत्र होतं. माझ्या लिहिण्यात ‘वस्तुतः’ हा शब्द जागोजागी येतो आणि मी काहीही लिहिलं की तू आधी पेन घेऊन तो खोडतेस, ही आपली जुनी रीत. त्या बातमीत एका परिच्छेदात तो दोनदा होता. तू पेपर टेबलावर ठेवलास आणि साध्या आवाजात विचारलंस, "मंदे, हे तू लिहिलंस का?"

मी नाही म्हणाले.

तू म्हणालीस, बरं. चहा प्यायलीस, कप विसळून ठेवलास आणि गेलीस. मला वाटलं आता भांडण होईल, अबोला होईल. काहीच झालं नाही. तू नेहमीसारखी येत राहिलीस, बाजारातून येताना माझीही भाजी आणत राहिलीस. फक्त त्यानंतर मी काही लिहून तुला दाखवलं की तू वाचून "चांगलं झालंय" म्हणायचीस. एकही शब्द खोडायची नाहीस. सात-आठ वर्षं तू माझा एकही शब्द खोडला नाहीस, पंचशीला. माझ्या घरात तू समोर बसलेली असायचीस आणि मला एकटं वाटायचं. ते काय होतं याचा अर्थ मला आता, तू नसताना, जास्त कळायला लागलाय.

मागच्या वर्षी सुजातानं तुला बोलावून घेतलं. नेमकी त्यांच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीची धामधूम. तू तर लग्नाला निघाल्यासारखी निघालीस. सुजाता राहते ते राज्य कुठल्या बाजूला झुकेल हे कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळं सगळ्यांचा जोर तिथंच, हे तू मला विमानतळावरूनच कळवलंस. मग तुझी संध्याकाळ व्हायची तेव्हा माझी सकाळ असायची. मी चहा टाकायचे आणि तुझं रेकॉर्ड केलेलं बोलणं फोनवर येऊन पडलेलं असायचं. कधी पाच मिनिटांचं, कधी वीस. एवढं तू मला स्टाफरूममध्येही कधी शिकवलं नव्हतंस.

पहिल्या आठवड्यात तू हरखून गेली होतीस. एक निवृत्त शिक्षिका दार वाजवून प्रचाराला आली होती. तू तिला सांगितलंस, मला इथं मत नाही. तरी ती बसली, तुझ्या हातचा चहा प्याली, आणि दोघींनी तासभर आपापल्या विद्यार्थ्यांची उणीदुणी काढली. सुजाताची मतपत्रिका घरी टपालानं आली. अध्यक्षापासून न्यायाधीश, शाळेची समिती, शिवाय दोन-तीन प्रश्नांवर हो की नाही. ती तू दुपारभर वाचत बसलीस. आणि एका सकाळी तू म्हणालीस, "मंदे, इथं टीव्हीवर उमेदवाराची जाहिरात लागते ना, त्यात त्याला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं, मी अमुक, आणि हा संदेश मला मान्य आहे. आपल्या आवाजात म्हणावं लागतं."

मग तू थांबलीस. बराच वेळ नुसती शांतता होती, मागं कुठंतरी भांडं वाजलं. "ठेवते," म्हणालीस.

मी ते सातदा ऐकलं. उत्तरात लिहिलं, थंडी कशी आहे तिकडं?

पुढं तुझा आवाज बदलत गेला. सुजाताच्या घरी रोज टपालानं पत्रकं यायला लागली, ढिगानं. तू ती गोळा करायचीस आणि खाली बारीक अक्षरात कुणाचं नाव आहे ते बघायचीस. नावं अशी, की आपल्याकडच्या भजनी मंडळाला शोभतील. सुखी कुटुंब, उद्याची पहाट, तसली. उमेदवाराचा आणि आमचा संबंध नाही म्हणायचं, आणि त्याच्याचसाठी वाटेल तेवढा खर्च करायचा. त्या मंडळाला पैसा कुणी दिला हे तू शोधायला गेलीस तर तिथं दुसऱ्या मंडळाचं नाव. त्या दुसऱ्यानं ते सांगायचं बंधनच नाही. सुजाताच्या ओळखीतले एक जण उमेदवाराच्या जेवणाला गेले होते, जो जास्त देणगी देईल त्याची खुर्ची जास्त जवळ. मक्यावाल्यांची संघटना, बंदूकवाल्यांची, औषधवाल्यांची, प्रत्येकाची माणसं वर्षभर राजधानीत ठाण मांडून असतात, निवडणूक असो नसो. मक्यावाल्यांचं ऐकून तू म्हणालीस, आपल्या सोयाबीनवाल्यांना असं जमलं असतं तर बरं की वाईट, मला ठरवता येईना.

आणि ते शेजारी. डाव्या हाताला एक म्हातारे गृहस्थ, उजव्या हाताला एक नर्सबाई. दोघंही तुला घरी केलेलं काहीबाही आणून द्यायचे. म्हाताऱ्यांच्या घरी दिवसभर एक वाहिनी, नर्सबाईंकडं दुसरी. तू एकाच दिवशी दोन्ही घरी बसून आलीस. एकाच गावातल्या एकाच सभेची बातमी, पण एका घरी ती विजययात्रा आणि दुसऱ्या घरी दंगल. "आणि आपण खोटं बोलायलोत असं दोघांनाबी वाटत न्हाई," तू म्हणालीस. चिडलीस की तुझ्या बोलण्यात माहेर यायचं. "ते जे ऐकायलेत तेच बोलायलेत. ज्या गोष्टी त्यांना दाखवल्याच न्हाईत, त्या त्यांच्यासाठी नाहीतच."

निकाल लागला त्या आठवड्यात तू निकालाबद्दल फारसं बोलली नाहीस. कोण जिंकलं यापेक्षा तुला वेगळंच काही लागलं होतं. म्हणालीस, "मंदे, तीस वर्षं मी पोरांना सांगितलं की तिथं नाव कळतं. अर्धंच खरं होतं ते. ज्याला लपायचंय त्याला तिथंही आडोसा आहे. तुझं म्हणणं बरोबर होतं. मी आले की कॉलेजात एक तास मागून घेणार, आणि पोरांसमोर दुरुस्त करणार."

तू हरलीस आणि मला जिंकल्यासारखं जराही वाटलं नाही. तीस वर्षांचा धडा तू एका वाक्यात मागं घेतलास, आणि मला एक ‘हो’ म्हणता आलं नव्हतं. त्या सकाळी मी ठरवलं, तू आलीस की सांगायचं.

तू आलीस. बॅग उघडून पत्रकांचा गठ्ठा दाखवलास. मी म्हणाले, पंचशीला, मला काहीतरी सांगायचंय. तू लगेच वर बघितलंस. इतक्या लगेच, की मला भीती वाटली. मी म्हणाले, दत्ताच्या मुलीचं लग्न ठरलंय. तू म्हणालीस, छान झालं. आणि पुन्हा गठ्ठ्यात बघायला लागलीस.

तीन आठवडे होते माझ्याकडं. तू रोज येत होतीस. तासाची तयारी चालली होती, कुठलं पत्रक आधी दाखवायचं यावर आपण भांडलोसुद्धा, खूप वर्षांनी खरं भांडण. मला वाटलं तो तास होऊ दे, मग निवांत सांगू. तासाला दोन दिवस राहिले होते तेव्हा भर दुपारी तुझ्या भाच्याचा फोन आला, आत्याच्या छातीत दुखायलंय, दवाखान्यात आणलंय. मी ऑटोनं पोचले तोवर तू गेली होतीस. तुझ्या पायाला हात लावला, तो अजून गरम होता. तुझ्या कानाशी वाकून मी तेव्हा सांगितलं. पण ते सांगणं नव्हे. ज्याला ऐकू जात नाही त्याला सांगणं सोपं असतं.

म्हणून शोकसभेत मी शेवटी उठले. प्राचार्यांनी मला दोन मिनिटं दिली होती. मी सगळं सांगितलं. बातम्या, त्या कुणासाठी, तू विचारलंस तेव्हा मी काय म्हणाले. नंतर प्राचार्यांनी घाईघाईनं दोन मिनिटं शांतता पाळायला सांगितली. खुर्च्या आवरताना कुणी माझ्याकडं आलं नाही. दत्तापर्यंत ते संध्याकाळच्या आतच पोचलं. त्याचा फोन आला, एवढंच म्हणाला, "अक्का, मेलेल्या माणसासाठी जित्या भावाला बुडवलंस." तेव्हापासून तो बोलत नाही.

रेखा मात्र सभागृहात होती, मला ठाऊक नव्हतं. मागच्या रांगेत. गेटपाशी तिनं मला गाठलं. केस बरेच पांढरे झालेत तिचे. ती ओरडली नाही. म्हणाली, "मॅडम, खोटं पेपरात छापलं आणि खरं सभेत सांगायलाव. इथं पन्नास माणसं होती." आणि स्टेशनच्या ऑटोत बसून गेली.

म्हणून हे लिहायला बसले. इथवर लिहून झालं तेव्हा त्याच दैनिकाच्या कार्यालयात गेले. जुनी माणसं बदललीत, आता एक तरुण संपादक आहे, नम्र आहे. त्यानं बसवून घेतलं, पाणी दिलं, सगळं वाचलं. म्हणाला, मॅडम, फार हृद्य झालंय, रविवारी घेतो, तुमच्या दोघींचा फोटो द्या. फक्त मधली दोन पानं काढावी लागतील. मी विचारलं, मग उरेल काय? तो म्हणाला, मैत्री उरेल ना. मी कागद परत घेतले.

मग काल सकाळी चुडाव्याची गाडी धरली. रेखाचं घर स्टेशनपासून लांब नाही. शिवणक्लास अजून चालतो, चार मुली मशीनवर होत्या. तिनं त्यांना काम लावून दिलं आणि मला आत बसवलं. मी कागद पुढं केले, म्हणाले, छापून कुठं येईल ठाऊक नाही, पण आधी तू वाच. तिनं सावकाश वाचलं. चहाच्या तासाशी आली तेव्हा थोडं हसली. तुझ्या शेवटच्या दुपारपाशी थांबली, चष्मा काढून पुसला. पुढचं वाचलं. मग बोट ठेवून म्हणाली, "थोडक्या मतांनी, असं का लिहिलंत?"

मी म्हणाले, आकडा आठवत नाही गं.

तिनं सांगितला. तिला तोंडपाठ होता. कुठल्या गावात किती कमी पडली, तेही. ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. त्यातलं एक गाव असं होतं, जिथली सभा मी घरात बसून भरवली होती. निघताना तिनं कागदांची एक प्रत ठेवून घेतली. माफ केलं असं म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. दारापर्यंत आली आणि म्हणाली, पंचशीला मॅडमचा तो राहिलेला तास कुणी घेणार असंल तर सांगा, मी येईन ऐकायला.

परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. पूर्णा मागं पडली. मी मनातल्या मनात तुला सगळं सांगत होते, रेखा काय म्हणाली, कशी म्हणाली. चाळीस वर्षं मी काहीही सांगितलं की तू काय म्हणशील ते मला आधीच ठाऊक असायचं, आणि त्यावर माझं उत्तर तयार असायचं. काल परभणी आलं तरी मला कळलं नाही, पंचशीला, तू यावर काय म्हणाली असतीस.